होडी पालथी घालू नये

ऑपरेशनात फायदा काही एकट्या आ-तैचा नव्हता. लेक ताठ उभी राहिली, तर हाँगकाँगच्या बंदरात होडीवर राहणाऱ्या चेंगबाईंना वल्ह्याला आणखी दोन हात मिळणार होते. नाहीतर क्षयाने मणके पोखरलेली पोरगी कायमची कोपऱ्यात. तेव्हा तिचीच बरगडी कापून मणक्यांत टेकू द्यायला त्यांनी झटकन होकार दिला.

अडलं ते नंतर. आ-तै प्लास्टरच्या खोलगट साच्यात उताणी होती, थेट होडीत निजल्यासारखी. वरून दुसरा साचा ठेवून तिला पालथी करायला नर्स आली, तशा चेंगबाई आडव्या आल्या.

"होडी पालथी घालता? नवरा समुद्रावर आहे माझा! होडी बुडेल म्हणून आम्ही ताटातला मासासुद्धा उलटत नाही. वरचा खातो, काटा उचलतो, मग खालचा."

"काटा डॉक्टरांनी उचललाय, मावशी. आता उलटली नाही, तर पाठीला जखमा होऊन सडेल."

"आई, बरगडी माझी गेलीय," साच्यातून आ-तै म्हणाली. "ती फुकट नाही घालवायची. उलट मला."

चेंगबाई डोळे मिटून समुद्रदेवीशी काहीतरी पुटपुटल्या आणि त्यांनी स्वतःच साच्याला हात घातला. "चला, धरा पलीकडून."

नवरा सुखरूप परतला. वर्षभराने आ-तैने वल्हं हाती घेतलं, त्या दिवशी होडीवर अख्खा मासा वाफवला. चेंगबाईंनी सगळ्यांना वाढला आणि स्वतः नुसता भात घेतला.

"आई, तुला मासा?"

"तुला उलटलं ना, तेव्हाच देवीला सोडला."

आ-तैची एक बरगडी गेली, चेंगबाईंचा जन्मभराचा मासा.