गाझाचं जैतून

पुंडलिकनं ताट सरकवलं. अर्धी भाकर तशीच होती.

"काऊन? तिखट झालं का?" कांतानं विचारलं.

"तिखटाचं नाही वं. जिभेले चवच नाही राह्यली."

धाकट्या लेकीला, नलूला, कांतानं एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि उरलेली भाकर स्वतःच खाऊन टाकली. दिवसभर रशियन मेमसाहेबाच्या बंगल्यावर काम, परतताना नळावरची रांग, घरी आल्यावर चूल. चव आहे की गेली, हे पाहायला तिला उसंत कुठं होती?

गाझाहून आल्यापासून त्याचं हे असंच चाललं होतं. चौदा महिने तो तिकडं, युनोच्या शांतिसेनेत गेलेल्या पलटणीबरोबर होता. वाळूतले पहारे, वरून ऊन. छाती दुखायला लागली म्हणून परत पाठवलं, आणि भिलाईच्या पोलाद कारखान्यात दुसऱ्या भट्टीचं काम जोरात होतं तिथं तो अवजड सामान चढवणारा खलाशी म्हणून लागला. मजुरांचा सारा कॅम्प त्याला फौजीच म्हणायचा. संध्याकाळी तो दारापुढच्या बाजेवर टेकला, की शेजारचा बाबाराव मिस्त्री हटकून विषय काढायचा.

"मंग फौजी, खायले काय भेटे तिकडं?"

"डब्यातलं. सारं डब्यातलं. पण जैतून, बाबाराव! पहाऱ्यावर जातानी दोन्ही खिसे भरून नेत होतो. एक दिवस त्याच्याबिगर गेला नाही."

"अंगुरावानी लागते का?"

"अंगूर त्याच्यापुढं पाणी. आता काय, पाह्यतो पुन्हा भरतीचं. इथं मन नाही लागत."

हे शेवटचं वाक्य ऐकलं, की चुलीपुढं कांताच्या हातातली फुंकणी थांबायची.

कारण त्या चौदा महिन्यांचं तिलाच ठाऊक होतं. सातव्या महिन्यात थोरली रुक्मा तापानं गेली. अडीच वर्षांची पोर. शेवटचे तीन दिवस दाराकडे पाहून नुसतं बाबा, बाबा. दिरानं तार केली. उत्तर आलं नाही. पुंडलिक आला तो थेट वर्ष पालटल्यावर. म्हणाला, तार हातात पडली तेव्हा पंधरा दिवस होऊन गेले होते, अन् मधात समुद्र. कांताचा भाऊ तेव्हा नको ते बोलला. बापाचं काळीज आहे का दगड, म्हणाला. कांतानं भावालाच गप्प केलं. सरकारच्या हुकमातला माणूस समुद्रावरून उडून येणार होता का? पोरीच्या नावानं ती रडली ती एकटीच, आणि नवऱ्याला त्याबद्दल एका शब्दानंही कधी टोचलं नाही.

शेजारच्या अंजनाबाईला मात्र सारं दिसत होतं. नळावर तिनं कांताला गाठलं.

"कांते, डोहाळे का बायायलेच लागते? तुह्या नवऱ्याले फौजेचे डोहाळे लागले. पुरवून टाक एकडावचे. खायची वासना अडकून राह्यली का मानसाचा पाय घरात टिकत नाही, बाई."

"मावशी, जैतून का सुपेल्याच्या बाजारात भेटते?"

"नाही भेटत म्हनूनच तर डोहाळे."

दोघी हसल्या. पण कांताच्या मनात ते रुतून बसलं.

पंधरवड्यानं मेमसाहेबाच्या देशातून लाकडी खोकं आलं. खानसामा करीमनं एक बरणी काढून उजेडात धरली. आत काळपट हिरवी, बोटाच्या पेरासारखी फळं.

"ये क्या है, करीमभाई?"

"ज़ैतून. मेमसाहब की जान बसती है इसमें."

भांडी घासणाऱ्या कांताचे हात राखेतच राहिले. मग ते पदराला पुसत ती आत गेली. मेमसाहेबाला कांताची भाषा येत नव्हती, कांताला मेमसाहेबाची. बरणीकडे बोट दाखवल्यावर मेमसाहेब हसली आणि मान हलवली. नाही. कांतानं मग खुणा केल्या. माझा माणूस. खांद्यावर बंदूक. लांब, समुद्र. हाताची ओंजळ करून तोंडाशी नेली. मेमसाहेबाचं हसू विरलं. तिचंही कोणी बंदूक घेऊन गेलं असावं. तिनं मुकाट्यानं वाटीभर फळं काढून दिली.

नलूला कडेवर आणि वाटी पदराखाली घेऊन कांता कॅम्पपर्यंत चालत आली. उन्हानं डोळ्यांपुढं अंधारी येत होती. मध्येच झाडाखाली टेकली, पदर उघडून वास घेतला. वेगळाच, खारा वास. एखादं तोंडात टाकावं असं वाटलं. नाही टाकलं. त्याच्या वाट्याचं होतं.

संध्याकाळी पुंडलिक पाळीवरून आला, तेव्हा अंजनाबाई आणि बाबाराव आधीच बाजेजवळ येऊन बसले होते. कांतानं ताटली त्याच्यापुढं ठेवली.

"वळखा."

त्यानं ताटलीकडे पाहिलं. मग कांताकडे.

"अगा, पाह्यतं काय?" अंजनाबाईला दम निघेना. "जैतून हाय! मेमसाहेबापाशी पदर पसरून आनलं तुह्या बायकोनं!"

पुंडलिकचा हात ताटलीवर तसाच राहिला. बाबारावानं नजर दुसरीकडे वळवली. अंजनाबाईनं डोळ्यांना पदर लावला.

"खा नं," कांता हळूच म्हणाली. "आता कोठी नका जाऊ."

त्यानं चार-पाच फळं उचलली, एकदम तोंडात टाकली, डोळे मिटले आणि कचकन चावली.

खट्कन आवाज झाला. गालावर हात दाबत तो वाकला. तळहातावर थुंकला. थोडं रक्त, तुटलेला दात आणि फळातली टणक, लांबट बी. दुखणं विसरून तो त्या बीकडेच पाहत राहिला. मग त्यानं मान वर केली.

"कांता," तो म्हणाला, "याच्यात गुठली राह्यते?"