बादलीचा हार

"आये, हा घाल," म्हणत जयाने आईच्या गळ्याशी हार धरला. बाहेर मांडवात जयाच्याच हळदीचा बेंजो वाजत होता.

सरूबाई मागे सरकली. हार कसला, छातीभर पसरलेलं प्रकरण होतं ते! फुटक्या बादलीचा लाल तुकडा, तेलाच्या डब्याचा पिवळा, मोडक्या मगाचा निळा. जयाने ते तुकडे स्टोव्हवर शेकून माशांच्या परांसारखे वाकवले होते आणि जाळ्याच्या नायलॉनमध्ये ओवले होते. खारदांड्याच्या कोळीवाड्यातली पोरं तिला 'भंगारवाली' म्हणून चिडवायची. ती हसायची आणि त्यांच्याकडेच आणखी बादल्या मागायची.

"नको गो. तुझा बापूस गेल्यापासून मी गळ्यात काय घातलं नाय. आता पोरीच्या हळदीत घालू? लोक काय बोलतील?"

"सोनं नाय, मणी नाय, फुलं नाय. कबूल. पन प्लॅस्टिकचं कोणी काय सांगितलंय का?"

सरूबाईला हसू फुटलं. ती हसतेय तोवर जयाने मागे गाठ मारूनसुद्धा टाकली.

सरूबाई मांडवात आली आणि बायकांचं गाणं मध्येच अडलं. व्हिडिओवाल्याने लाइट थेट तिच्यावर मारला. लाल, पिवळे, निळे पर लखलखले. कोणी तोंडाला पदर लावला. मागून कोणीतरी "झकास!" म्हणालं. मग सगळ्या बायका अंजनाबाईकडे बघायला लागल्या.

अंजनाबाई म्हणजे सरूबाईची थोरली जाऊ. ती ऐन विशीत असताना तिचा नवरा दर्यात बुडाला. तेव्हापासून तिने स्वतः सगळं कडक पाळलं आणि गावातल्या प्रत्येक विधवेकडून पाळून घेतलं. सरूबाईचं कुंकूही तिनेच पुसलं होतं.

अंजनाबाई उठली. बेंजोवाले थांबले. सरूबाईचे हात आपोआप मानेमागच्या गाठीकडे गेले.

"ऱ्हाऊ दे," अंजनाबाई म्हणाली. तिने एक पर चिमटीत धरला, वाकवून पाहिला, नखाने खरवडला. "कशाचा हाय हा?"

"बादलीचा, मोठे आये," जया म्हणाली. "मीच केला."

अंजनाबाई कितीतरी वेळ तो पर सोडेना. मग तिने आपलं मोकळं मनगट जयापुढे धरलं.

"मना बांगड्या कर," ती म्हणाली. "हिरव्या."