बाबाचा निरोप

भानुदासने नकाशा टेबलावर पसरला आणि झऱ्याकाठच्या तळावर बोट ठेवलं. शैलेंद्रचा शेवटचा फोन तिथून आला होता. त्यानंतर सॅटेलाइट फोन बंद. तळापासून एक वाट खाली धावपट्टीकडे येत होती, दुसरी वर खिंडीतून पलीकडच्या खोऱ्यात जात होती.

"वहिनी, आता कुठे शोधायचं, पायलट परत विचारतोय. खालच्या वाटेवर दोन दिवस हेलिकॉप्टर फिरलं. माणूस नाही, धूर नाही. वस्तीतही कुणी त्या दोघांना पाहिलेलं नाही."

नीलिमा नकाशाकडे बघत राहिली. दुबईत जुमेरा लेक टॉवर्समधल्या त्या ऑफिसात आता भानुदासचं एकच टेबल उरलं होतं. मंदीत नोकरी गेल्यावर तिच्या नवऱ्याने, शैलेंद्रने, मित्र भानुदासचं हे काम धरलं होतं: एक वाटाड्या घेऊन पापुआच्या डोंगरात पर्यटकांसाठी नवी वाट शोधायची.

"वाट बरी दिसली तर पुढे खिंड, नाहीतर माघारी, असं ठरलं होतं," भानुदास म्हणाला. "माघारी निघाला, हे आपल्याला इरानेच सांगितलं ना?"

फोन आला तेव्हा नीलिमा कामावर होती. तो लेकीने घेतला होता.

आठ वर्षांची इरा खुर्चीत पाय हलवत बसली होती. "आय टोल्ड यू, काका. ही सेड ही इज कमिंग."

"इंग्लिशमध्ये म्हणाला?" नीलिमाने विचारलं.

"नो. मराठी."

"मग मराठीतच सांग. जसंच्या तसं."

इराने आठवून एकेक शब्द जपून उच्चारला. "आईला सांग, मी ठीक आहे. बरं, येतो."

भानुदासने नकाशावरचं बोट उचललं.

"तो निरोप घेत होता गं," नीलिमा म्हणाली. "निघताना 'जातो' म्हणत नाहीत आपल्यात, 'येतो' म्हणतात."

भानुदास तोवर फोनवर पायलटला ओरडून सांगत होता. "नॉट डाउन! अप! द पास! यल्ला, क्विक, प्लीज!" मग तो नुसताच ऐकत राहिला. फोन छातीशी धरून म्हणाला, "दोन दिवस खिंड मोकळी होती. आज सकाळपासून पूर्ण ढगात आहे. ढग हटेपर्यंत वर जाता येणार नाही म्हणतो."

"कधी हटतील?"

"उद्या, इन्शाल्ला. नाहीतर..." त्याने नीलिमाकडे पाहिलं नाही. "वर रात्री फार थंडी असते, वहिनी."

इरा खुर्चीतून उतरून आईपाशी आली. "डिड आय से इट राँग?"

"नाही, बाळा. तू बरोबर सांगितलंस."

"मग व्हेन यू आर रिअली कमिंग, तेव्हा काय म्हणायचं?"

नीलिमाने तोंड उघडलं. तिला दुसरा शब्द सापडेना.