दुसरी सही

"आणखी एक सही लागेल," वर्तमानपत्राच्या जाहिरात विभागातला कारकून म्हणाला आणि मजकुराचा कागद काचेखालच्या फटीतून त्याने परत सरकवला. "जवळच्या नातेवाइकाची."

"मी बायको आहे."

"तुमची सही आहेच. दुसरी लागते."

नियम आठ वर्षांपूर्वीचा होता. कुणीतरी खोडसाळपणे एका धडधाकट माणसाच्या निधनाची जाहिरात दिली होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो माणूस अंक घेऊन याच काउंटरवर उभा राहिला होता. "निदान फोटो तरी बरा लावायचा, म्हणाला," कारकुनाने सांगितलं. ती हसली नाही, तेव्हा त्याने चष्मा पुसायला घेतला.

मजकूर मोठा नव्हता. नवऱ्याचं नाव, तारीख, देह वैद्यकीय महाविद्यालयाला दिल्याची नोंद. खाली त्याने स्वतः रुग्णालयात एक्स-रेच्या पाकिटामागे लिहून ठेवलेली दोन वाक्यं: 'मी देव मानला नाही. माझ्यासाठी कुणी प्रार्थना करू नये.' चाळीस वर्षं तो हेच वर्तमानपत्र वाचत आला होता, आणि याच वर्तमानपत्रात ही वाक्यं छापून आणीन असा शब्द तिने त्याला दिला होता. अंत्यविधी व्हायचा नव्हता. त्याचं म्हणून करायचं एवढंच उरलं होतं.

काउंटरमागच्या भिंतीवर जुनं पहिलं पान फ्रेम करून लावलं होतं. सरकारने अंकावर घातलेली बंदी न्यायालयाने उठवली, त्या दिवसाचं. तिने तिकडे बोट दाखवलं.

"यासाठी तुम्ही कोर्टात गेला होता ना?"

"गेलो होतो. जिंकलो पण." कारकुनाने मागे वळून पाहिलं नाही. "ते सरकार होतं, ताई. तुम्हाला सरकारने अडवलेलं नाही."

"मग कुणी अडवलंय?"

"कुणीच नाही. सही आणा, उद्या छापतो. शब्दन् शब्द."

तिच्या माहेरचं कुणी हयात नव्हतं. मूल नव्हतं. तिने धाकट्या दिराला फोन केला. तो वीस मिनिटांत आला. हातात हेल्मेट, डोळे सुजलेले. त्याने तिचा कागद उभ्याउभ्याच वाचला, मग पुन्हा वाचला.

"हे मला नाही जमणार, वहिनी."

"साहेब, सही मजकुराला नसते," कारकून मध्ये बोलला. "माणूस गेला, एवढ्यालाच असते."

"पण माझं नाव याच्याखाली जातं ना?"

"छापत नाही. फाइलला राहतं."

"फाइललाही नको." दिराने कागद घडीवर घडी जुळवून तिच्या हातात दिला. "घटनेनं तुम्हाला बोलायचा हक्क दिलाय, मी कुठे नाही म्हणतो? पण हात धरून माझी सही तर कुणी घेऊ शकत नाही ना? दादासाठी मी प्रार्थना करणार. त्याला नको असेल. मला हवी आहे."

"करा ना, भाऊजी. मी कुठे अडवते?"

"मग झालं तर."

दोघांचाही आवाज चढला नव्हता. मागे जुनी स्कूटर विकायची जाहिरात घेऊन आलेला माणूस घड्याळ बघत होता. पाचला दहा मिनिटं कमी होती. पाचनंतर उद्याच्या अंकासाठी काही घेत नसत.

दिराने खिशातून स्वतःचा कागद काढला आणि फटीतून आत दिला. 'आमचे ज्येष्ठ बंधू यांना देवाज्ञा झाली. प्रार्थनासभा रविवारी सकाळी अकरा वाजता.' खाली नावांची यादी. कारकुनाने शब्द मोजले, शिक्का मारला, आणि थांबला.

"यालाही दुसरी सही लागेल."

दिराने दाराकडे पाहिलं. घरून दुसरं कुणी यायला वीस मिनिटं तरी लागली असती. आज शुक्रवार, उद्या छापून आलं नाही तर रविवारी यायचं हे लोकांना कळणार कसं? त्याने वहिनीकडे पाहिलं आणि लगेच नजर हेल्मेटकडे वळवली.

"सही फक्त ते गेले यालाच असते ना?" तिने कारकुनाला विचारलं.

"तेवढ्यालाच."

"ते गेलेत," ती म्हणाली आणि दोरीने बांधलेलं पेन उचलून तिने सही केली.

"वहिनी," दीर म्हणाला.

कारकुनाने सहीवर तारीख टाकली. "यादीत पहिलं नाव तुमचं आहे. पत्नी म्हणून. राहू दे?"

"काढा."

"असं नका करू," दीर म्हणाला. "लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत."

दिराचा फोन वाजला. सभेच्या हॉलवाल्याचा होता. तो बोलत बोलत बाहेर गेला आणि काचेच्या दारापलीकडे पाठमोरा उभा राहिला.

छापायला जाण्याआधी मजकूर सही करणाऱ्याला वाचून दाखवायची पद्धत होती. आत्ता ती एकटीच समोर होती. कारकून एका सुरात वाचत गेला. देवाज्ञा, प्रार्थनासभा, वार, वेळ. मग यादी: भाऊ, भावजय, दोन पुतणे, पुतणसून, आतेभाऊ, मावसबहिणी, समस्त परिवार. प्रत्येकापुढे तो पेन्सिलीने बारीक खूण करत होता. घडी घातलेला स्वतःचा कागद हातात तसाच धरून ती काचेजवळ वाकून ऐकत होती.

"कुणाचं नाव सुटलं का?" त्याने सवयीने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "बरोबर आहे. छापा."