मिस्बाहचं नाक

"चाचा, तुमच्या मोगऱ्याले घासलेटचा वास येऊन राहिला." नत्थुजींनी अत्तराची कुपी काउंटरवर ठेवली. "पोरीच्या साक्षगंधात पाहुण्यांच्या मनगटाले लावलं, त लोकं हात धुवाले पळाले."

काउंटरमागं उभ्या मिस्बाहनं कुपीकडं पाहिलं. अकोल्याच्या या दुकानात आलेला नवा माल तिचे आजोबा, म्हणजे दादाजान अब्दुल सत्तार, हल्ली तिच्याच नाकाखाली धरत. हा मोगराही तिनंच हुंगून 'अस्सल आहे' म्हणून पास केला होता.

खरं तर तिला काही कळलंच नव्हतं. ती पाचवीत असताना करोनानं सगळं घर आडवं केलं. ताप उतरला, खोकला गेला, सगळे उठून कामाला लागले. हिची वासाची जाण मात्र गेली ती गेलीच. आता ती नववीत होती. जेवताना इतरांची तोंडं बघून 'मस्त झालंय' म्हणायची. अम्मीला सांगावं तर ती दवाखाने पालथे घालील, आणि दादाजानना सांगायची तर सोयच नव्हती. 'माझ्यामागं दुकान मिस्बाहच चालवील, खानदानी नाक आहे तिचं,' असं ते येईल त्या गिऱ्हाइकाला कौतुकानं ऐकवत. ते आपल्याला पारखून घेताहेत, असंच तिला वाटे. म्हणून ती कुपी हुंगायची, डोळे मिटायची आणि ठोकून द्यायची. आजवर नशिबानं निभावलं होतं.

दादाजाननी बूच काढून कुपी तिच्यापुढं धरली.

"सांग बेटा. काय आहे यात?"

घासलेट म्हणावं तर आधीचं खोटं उघड होणार. मोगरा म्हणावं तर नत्थुजी खोटे पडणार. चार पाहुण्यांत शोभा झालेला तो माणूस समोर उभा होता. मिस्बाहला स्वतःची लाज वाटली.

"मले नाई समजत, दादाजान," ती म्हणाली. "करोना झाला तवापासून मले कशाचाच वास येत नाई. मी अंदाजानं सांगत होती."

दादाजाननी नत्थुजींची माफी मागितली, पैसे परत केले आणि चहा पाजून त्यांना वाटेला लावलं. मिस्बाह मान खाली घालून उभीच होती. आता बोलणी बसणार आणि दुकानात येणंही बंद होणार, हे ती धरूनच चालली होती.

दादाजान खुर्चीत बसले. त्यांनी कुपीला बूच लावलं.

"मंग आता कोणाले विचारू, बेटा?" ते म्हणाले. "मले बी तवापासूनच वास येत नाई."