अंगठ्याची झीज

लायटरचं वय बिजागरीवरून, तळाच्या शिक्क्यावरून अन् झिजेवरून कळतं. शिक्का खोटा मारता येतो, झीज नाय.

बायकोच्या साड्यांखाली मला एक पितळी लायटर सापडला. तीन कड्यांची बिजागरी, तळाला जुना शिक्का. सत्तर वर्षांचा तरी असेल. अंगावर कोरलं होतं, 'मोनालीकडून'. अक्षर तिचंच, पण कुणाच्या तरी अंगठ्यानं घासून पार गुळगुळीत झालेलं. इतकी झीज व्हायला निम्मं आयुष्य लागतं.

मोनाली चौतीस वर्षांची आहे.

"कुणाला दिला होतास गं हा?" मी विचारलं.

पुंडलिकनगरच्या आमच्या घरात, हॉलमध्ये आम्ही दोघंच होतो. लग्नाला नऊ वर्षं झाली, मला ती नावानंच हाक मारते.

माझ्या पाठीमागच्या रिकाम्या खुर्चीकडं बघून ती लाजली.

"अहो, सापडला बघा तुमचा."