रविवारची चढण

"आता कुठवर आले, बाबूजी?" फोनमधून रुचिकाने विचारलं.

"गडाच्या दरवाजापाशी." मोतीलालांनी दोन-तीनदा जोरात श्वास ओढून दम लागल्याचा आवाज काढला. "पानी पडून दगड निसरडे झाले न. जपून चढून राहिलो. तू?"

"मी पार वर आली. झाडं संपली. आता नुसता खडक, अन् समोरच्या शिखरावर बर्फ."

मोतीलाल आंधळगावातल्या आपल्या घराच्या ओसरीत, खाटेवर बसले होते. आंबागड तिथून कितीतरी लांब होता. आणि त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता.

विणकराचा जन्म मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसण्यात जातो. मोतीलालांचाही कोशाच्या रेशमी साड्या विणण्यात गेला. पण रविवारी ते माग बंद ठेवत आणि आंबागडावर जात. रुचिका बोलायला लागली तेव्हापासून त्यांच्या खांद्यावर असायची. पुढे ती त्यांच्याही पुढे पळू लागली. वर पोचली की बुरुजावर उभी राहून हाका मारायची, "या न लवकर, बाबूजी."

नागपूरच्या कॉलेजातून एका सत्रासाठी ऑस्ट्रियाला जायला तिची निवड झाली, तेव्हा तिच्या आईला, दुर्गाबाईंना, थंडीची आणि जेवणाची काळजी पडली. बापलेक मात्र तिकडच्या डोंगरांबद्दल बोलत बसले. निघताना रुचिका म्हणाली, "तुम्ही इकडे आंबागड चढा, मी तिकडे चढते. फोन चालू ठेवू. सोबतच गेल्यासारखं वाटन."

ती गेली आणि महिन्याभरात मोतीलालांच्या टाचेत काटा रुतला. काट्याचं काय एवढं, म्हणून त्यांनी लक्ष दिलं नाही. साखर वाढलेली होती. नागपूरला नेईस्तोवर पाय काळा पडला होता. शुद्धीवर आल्यावर ते बायकोला आणि मुलाला, भूषणला, एकच गोष्ट म्हणाले, "पोरीले कोनी सांगाचं नाही. ती सारं टाकून पयत येईन."

पाय चालल्याशिवाय माग चालत नाही. मागाच्या खोलीला कडी लागली. दुर्गाबाई त्या दाराकडे बघायचं टाळत. मोतीलालांना आठवड्यात एकच दिवस उरला, रविवार.

सुरुवातीला रुचिका व्हिडिओवर बोलायची. मोतीलाल फोन असा धरत, की मागे नुसतं आभाळ दिसावं. ती वाटेवरच्या दगडांवर रंगवलेले लाल-पांढरे पट्टे दाखवायची, गळ्यात घंटा बांधलेल्या गाई दाखवायची. मोतीलालांचा हात भरून येई, पण फोन हलू देत नसत.

मे महिन्यात काही दिवस तिचा फोनच आला नाही. मग आला तो नुसता आवाज.

"फोन दरीत पडला, बाबूजी. आता जुनाच एक घेतला. यात तोंड नाही दिसाचं."

"नाही दिसलं तं नाही दिसलं," मोतीलाल म्हणाले आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

त्यानंतर ते दोघं खूप चढले. रुचिका आधीपेक्षा जास्त सांगू लागली. कुठं झरा लागला, कुठं लाकडी खोपटात गरम सूप मिळालं. मधूनच कोणी बाई तिच्याजवळ परक्या भाषेत काहीतरी बोले. "सोबतची आहे," रुचिका सांगे. आणि दरवेळी विचारी, "आता तुमच्याकडचं सांगा. मोहाचं झाड आहे न ते, तिथून काय दिसते?" मोतीलाल डोळे मिटून सांगत. ती शेवटपर्यंत ऐकत राही.

"एवढा डोंगर चढते पोरगी," फोन ठेवल्यावर ते अभिमानाने दुर्गाबाईंना म्हणत, "पन आवाजात धाप म्हनून नाही. मले इथं बसल्या बसल्या लागते."

जुलैत परतायचं होतं, ते लांबलं. काही काम राहिलं आहे, म्हणाली. शेवटी पोळा झाल्यावर यायचं ठरलं.

नागपूरला नोकरी करणारा भूषण त्याआधी गावी आला. त्याने दारापुढच्या पायऱ्या फोडल्या आणि सिमेंटचा उतार करून घेतला.

"कायले हा खर्च?" मोतीलाल चिडले. "कुबडीवर पायऱ्या चढतो न मी."

"असू द्या, बाबूजी." भूषण वर न बघता म्हणाला. "अन् तिले आता तरी सांगून टाका."

"फोनवर नाही. आली का दिसनच तिले."

भूषणने बादली उचलली आणि ओल्या उतारावर पाणी मारलं.

ज्या दिवशी ती येणार होती, त्या दिवशी मोतीलालांनी सकाळीच दाढी केली. बसून भेटायचं नाही, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. पोरीनं बापाला उभं पाहावं. मनाशी एक वाक्यही जुळवलं होतं, 'एक पाय तं आहे न बाप्पा अजून, आंबागडाले पुरते.' ती हसेल, नाहीतर रडेल. रागावेलही. इतके महिने खोटं बोललो, तिचा रागावण्याचा हक्कच होता.

दुपारी, तिला आणायला गेलेल्या भूषणची गाडी दाराशी थांबली. मोतीलाल कुबडी बगलेत धरून उंबऱ्यात उभे राहिले. पायजम्याची डावी बाजू दुमडून पिन लावलेली होती. ती त्यांनी लपवली नाही.

मागच्या दाराच्या काचेतून रुचिका त्यांच्याकडे बघत होती. तिची नजर खाली गेली आणि तिथंच थांबली. तिने तोंडावर हात घेतला. पण दार उघडलं नाही. धावत आली नाही.

"काहून उतरून नाही राहिली?" दुर्गाबाई म्हणाल्या.

"रागावली," मोतीलाल पुटपुटले. त्यांनी कुबडी बगलेत घट्ट दाबली आणि तसेच उभे राहिले.

भूषणने गाडीची डिकी उघडली, आतून एक घडीची चाकाची खुर्ची काढली आणि उलगडली. मोतीलालांच्या कानशिलांत रक्त चढलं. आजच, आणि तेही पोरीच्या डोळ्यांदेखत.

"कोनं सांगतलं होतं तुले हे आनाले?" ते म्हणाले. "मी उभा आहो न. ने ते तिकडे."

भूषणने खुर्ची गाडीच्या मागच्या दाराला लावली.

"तुमच्यासाठी नाही आनली, बाबूजी."